सातबाऱ्यावर नसलेल्या आक्का

आक्का गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी विचारायच्या, "घरात खाणारी किती?" समोरची बाई म्हणाली, आम्ही दोघंच, की अंबाडीची एकच जुडी तिच्या पिशवीत पडायची. दुसऱ्या जुडीसाठी तिनं हात पुढं केला तर आक्का तो हलकेच बाजूला सारायच्या. "दोघांना लई झाली ही. उद्या पिवळी पडंल अन् मला नावं ठेवाल." विकायला बसलेलं माणूसच कमी घ्या म्हणतं, हे सिडकोतल्या बायकांना पहिल्यांदा चमत्कारिक वाटायचं. काही जणी चिडायच्या. पण त्यांच्या घरात भाजी वाया जायची थांबली आणि मग त्याच बायका दर रविवारी आधी अंबाडीआक्का कुठं बसल्यात ते शोधू लागल्या. हे नाव त्यांनीच ठेवलं. आक्का करडई आणायच्या, हरभऱ्याचा कोवळा पाला आणायच्या, पावसाळ्यात वाळकं आणायच्या, पण नाव अंबाडीचंच चिकटलं.

आमचा शेतकरी बाजार दर रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर भरतो. त्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, म्हणून बाजार समितीत गेले आणि फाटकावरचं टेबल माझ्या वाट्याला आलं. नियमांचा कागद मीच लिहिला होता. ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्यालाच कार्ड, कार्ड असेल त्यालाच आत जागा, आणि कार्डवाला माणूस मालापाशी हजर पाहिजे. नियम काही वाकडे नव्हते. पहिल्या महिन्यातच दोन व्यापारी टेम्पो भरून आले होते आणि शेतकऱ्यांच्या जागा अडवून बसले होते. त्यांना बाहेर काढायचं तर असंच काहीतरी लागतं, हे बैठकीत ठासून सांगणारी मीच.

आक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा पैठण रस्त्याच्या आतल्या एका गावातून काळीपिवळी जीपनं आल्या होत्या. डोक्यावर ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं, नखांत माती. सातबारा मागितल्यावर त्यांनी कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला उतारा काढून दिला. त्यावर एकच नाव होतं, त्यांच्या थोरल्या दिराचं, आणि पुढं तीन अक्षरं: ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. सासरे गेल्यावर घरातल्या मोठ्या मुलाचं नाव लागलं, धाकट्याचं लावायचं राहिलं, आणि तो धाकटा, म्हणजे आक्कांचा नवरा, तापाच्या आजारात गेला. वाटणी झालेली नव्हती. खालचं दीड एकर आक्का एकट्या कसत होत्या.

"नावात नाय मी," त्या म्हणाल्या, "पर रानात रोज हाय."

मी त्यांना समजावून सांगितलं की माझ्या हातात काही नाही. त्यांनी ऐकून घेतलं, गाठोडं परत डोक्यावर चढवलं आणि गेल्या. रांगेत मागं माणसं उभी होती, त्यामुळे मला फार विचार करायला वेळ मिळाला नाही.

पुढच्या रविवारी त्या दिरांना घेऊन आल्या. आक्का त्यांना भाया म्हणायच्या. भाया साठी ओलांडलेले, गुडघ्यांनी त्रासलेले, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ होते. कार्ड त्यांच्या गळ्यात पडलं. मग चार वर्षं तसंच चाललं. भाया खुर्चीवर बसायचे, आक्का खाली पोत्यावर. भायांशी समोरासमोर बोलायची त्यांच्या घरात रीत नव्हती. आक्कांना काही सांगायचं असलं तर त्या मला किंवा एखाद्या गिऱ्हाइकाला मध्ये घालायच्या. "ताई, त्यांना म्हनावं चहा निवतोय." दोन हातांवर बसलेल्या माणसाला हा निरोप मी कितीदा पोचवला असेन. भाया काही दुष्ट नव्हते. गिऱ्हाइकांना ते कौतुकानं सांगायचे, आमच्या रानात खत घालत नाही, आमची माती काळीभोर आहे. आक्का पदर सारखा करत जुड्या मोजायच्या. फाटकावरच्या वहीत मी भायांचं नाव लिहायचे आणि पुढं अंबाडी, शेपू, करडई.

पण सगळा बाजार भायांच्या मर्जीवर. दहा वाजता त्यांचे गुडघे धरले, की ते उठायचे. कार्ड उठलं की जागा उठली. आक्का अर्धी भाजी परत गाठोड्यात बांधायच्या. त्यामुळे त्यांनी शेवटी शेवटी बाजार सांभाळण्यापेक्षा भायांनाच सांभाळायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी मऊ उशी आणायच्या, गरम चहा, आवडीचा पेढा. एकदा भाया बाजारातूनच छावणीतल्या कुणा ओळखीच्याकडे लग्नाला गेले आणि बाजार उठेपर्यंत परतले नाहीत. त्याच दिवशी आमचे अध्यक्ष फेरीला आले. कार्डवाला हजर नाही म्हणून जागा दोन रविवार बंद. ती नोटीस माझ्या अक्षरात होती.

त्या दोन रविवारी आक्कांनी बाहेर प्रयत्न केला. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर विक्री मना आहे. तासाभरात अतिक्रमणाची गाडी आली आणि गाठोडं, तागडी घेऊन गेली. दुसऱ्या रविवारी त्या डोक्यावर टोपली घेऊन सोसायट्यांत हिंडल्या. प्रत्येक दाराशी पाटी, फेरीवाल्यांना प्रवेश बंद. आमच्या सोसायटीलाही आहे. वॉचमननं हटकलं तेव्हा बाजार आटोपून घरी आलेली मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मी खाली उतरून चार जुड्या विकत घेतल्या. खाणारी किती, हे आक्कांनी या वेळी विचारलं नाही, चारही दिल्या. जाताना म्हणाल्या, "आत कार्ड पायजे, भाईर पाटी हाय. बाईनं मधी कुठं बसावं, ते तरी लिवून ठेवा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत असल्यासारख्या बोलल्या.

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी आक्का बाजार भरायच्या आधीच आल्या. मैदानावर अजून कुणी नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर टाइप केलेला एक कागद ठेवला. भायांच्या मुलांनी वकिलाकडून करून आणलेला. यावर सही केली तर भाया दर रविवारी तक्रार न करता येतील, असा निरोप होता.

"समदं वाचा," त्या म्हणाल्या. "मधलं गाळू नका."

ते हक्कसोडपत्र होतं. मी सावकाश वाचत गेले. गट नंबर, चतुःसीमा, मग मी माझा सर्व हक्क व हिस्सा राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय कायमचा सोडून देत आहे. तिथं त्यांनी मला थांबवलं.

"राजीखुशीचं परत वाचा."

मी परत वाचलं. मग शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं की आक्का, यावर सही करायची नाही, अंगठा नाही, काही नाही. उद्या ते तुम्हाला रानातूनही काढतील.

"ते कळलं मला," आक्का म्हणाल्या. "नाय केली तर भाया येनार नाय. मंग मला एकटीला आत घ्याल का?"

समोर कार्डांचा डबा होता. मी म्हणाले, समितीत विचारते. त्यांनी कागद जुन्या घड्यांवरच परत मिटला आणि म्हणाल्या, विचारा.

मी विचारलं. गावातल्या चार शेजाऱ्यांनी ही बाई रान कसते असं लिहून दिलं तर कार्ड द्यावं, असं सुचवलं. अध्यक्ष चांगले गृहस्थ आहेत, त्यांच्या घरी अंबाडी आक्कांकडचीच जायची. ते म्हणाले, "बाई, आज एका आक्कांना घेतलं तर उद्या दहा व्यापारी दहा आक्का घेऊन येतील." हे वाक्य माझंच होतं. नियम ठरवायच्या बैठकीत व्यापाऱ्यांबद्दल मी जवळपास हेच बोलले होते.

आक्कांनी सही केली नाही. भायांनी येणं थांबवलं, म्हणून त्यांचंही थांबलं.

चैत्रात एका रविवारी भाया एकटेच टेम्पोतून उतरले. सोबत कोबी, ढोबळी मिरची, बीट. मी विचारलं, हे तुमच्या रानातलं का? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कार्ड बघा की ताई." कार्ड बरोबर होतं. मी वहीत लिहिलं आणि त्यांना आत सोडलं. जे अडवायला आम्ही एवढं सगळं केलं होतं, तेच काम आता कायदेशीर कार्ड घालून आत चाललं होतं, आणि वाट मीच करून दिली.

तासाभरानं आक्का आल्या. हातात रिकामी पिशवी. गिऱ्हाइकाला कार्ड लागत नाही, त्यामुळे त्या रांगेतून इतर बायकांसारख्या आत गेल्या. मी टेबल सोडून मागोमाग गेले. भायांच्या खुर्चीपुढं सात-आठ बायका उभ्या होत्या, अंबाडीआक्कांची जागा म्हणून विश्वासानं माल घेत होत्या. आक्कांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि चार वर्षांत पहिल्यांदा सरळ भायांशी बोलल्या.

"भाया, आपल्या हिरीला माघापासून पानी नाय. रान उघडं पडलंय. ही कोबी कुठून आनली?"

आवाज चढलेला नव्हता, पण बायकांचे हात थांबले. भाया म्हणाले, घरी बोलू.

"घरी कोन बोलू देतं?" आक्का म्हणाल्या.

भायांची मान खाली गेली. त्यांनी गळ्यातलं कार्ड काढून मांडीवर ठेवलं आणि गुडघे चोळत बसले. मला त्या क्षणी त्यांचीही कीव आली. मुलांनी पाठवलं म्हणून म्हातारा आला होता.

बाहेरचा माल आणला म्हणून त्याच दुपारी समितीनं भायांचं कार्ड रद्द केलं. आमच्या नियमात नुसतं कार्ड रद्द होत नाही, तो गट नंबरच यादीतून जातो. म्हणजे उद्या आक्कांचं नाव सातबाऱ्यावर लागलं असतं तरी त्या रानाची भाजी या मैदानावर येणार नव्हती. हे मी फाटकापाशी त्यांना सांगितलं.

"ठावं होतं मला," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या कागदावर हाय की ते, तुमीच वाचून दावलं होतं पैल्या साली. पर त्या बाया माझी म्हनून घेत होत्या ना भाजी."

मग आक्कांनी वाटणीचा दावा लावला. जालन्याला दिलेल्या लेकीनं वकील बघून दिला. मी साक्षीदार म्हणून आपणहून नाव दिलं. ही बाई स्वतः रान कसते, माल तीच आणते, हे माझ्याइतकं कुणी पाहिलं होतं? पण समोरच्या वकिलांनी बाजाराच्या वहीच्या नकला पुढं केल्या. हे अक्षर तुमचं का? हो. दर रविवारी माल आणणारा शेतकरी म्हणून कुणाचं नाव आहे? मी भायांचं नाव सांगितलं. पुढं बोलायला लागले तेव्हा विचारलं तेवढंच सांगा असं बजावलं गेलं. चार वर्षांच्या वहीत आक्कांचं नाव एकदाही नव्हतं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. त्यांनी डब्यातून आणलेली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "लिवलं तेच सांगितलं तुमी. खोटं कामून बोलाल." आम्ही दोघींनी कोर्टाच्या पायरीवर बसून ती खाल्ली. दाव्याला अजून तारखा पडतात. मधल्या काळात भायांच्या मुलांनी खालच्या दीड एकराला तारेचं कुंपण घातलं, आणि निकाल लागेपर्यंत आक्कांना आत जाता येत नाही. शेजाऱ्यांच्या लेखी दाखल्याचा माझा ठराव मी दर बैठकीत मांडते. दर बैठकीत तो पुढच्या बैठकीवर जातो. राजीनामा द्यावा असं कितीदा मनात आलं. पण मी उठले तर त्या टेबलावर दुसरं कुणीतरी हीच कार्डं तपासायला बसेल, आणि त्याला आक्का माहीतही नसतील. म्हणून बसले आहे.

यंदाच्या मार्गशीर्षात एका सकाळी पैठण रस्त्याचा एक बागायतदार टेम्पो घेऊन आला. कार्डवाला, जुना, चोख माणूस. मागून उतरणाऱ्या बायकांत आक्का होत्या. त्या आता त्याच्या रानात रोजानं जात होत्या. घरच्या माणसाला आमच्याकडे काही लागत नाही, पण मजुराला आत यायचं तर बिल्ला लागतो. मी कोरा बिल्ला पुढं ओढला.

"नाव?" सवयीनं विचारलं आणि पेन थांबलं. कोर्टाच्या कागदांवर ते वाचलं होतं, पण इतक्या वर्षांत मी त्यांना ते विचारलंच नव्हतं.

"कौशल्या."

"आडनाव?"

त्यांनी थोडा विचार केला. "ते ऱ्हाऊ द्या. नुसतं कौशल्या लिवा."

मी लिहिलं. त्यांनी वाकून पाहिलं, खालच्या छापील शब्दावर बोट ठेवलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हणाले, मदतनीस. म्हणजे दुसऱ्याच्या हाताखाली काम करणारं माणूस.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "ते बराबर हाय."

बागायतदार आतून हाका मारत होता. मागं रांग लागली होती. फाटकावरच्या माणसाची सही असल्याशिवाय बिल्ला चालत नाही, म्हणून आक्का टोपली काखेत धरून थांबल्या होत्या. मी सही केली.