चंद्र पश्चिमेला उगवला तर

आमच्या घरी संकष्टीला चंद्र दिसल्याची वर्दी अण्णा द्यायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. उपास आईचा, गच्चीवर जाणार अण्णा. भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ मुंबईची. बंगळूरला तो त्याआधीच उगवतो, पण सर्जापूर रोडच्या टॉवरांआडून वर यायला भरपूर उशीर करतो. तोवर आईही वर येऊन बसायची, आणि कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेले अण्णा कल्पनेतला चंद्र पृथ्वीवर आदळवायला घ्यायचे.

दर संकष्टीला ते त्याला थोडा खाली आणत. आधी भरतीचं पाणी वाढे, किनाऱ्यावरची गावं बुडत. मग जवळ आलेला चंद्र इतक्या वेगानं फिरू लागे, की पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यालाही मागे टाकी आणि पश्चिमेला उगवे. दिवसातून चक्क दोनदा. म्हणजे तुझा उपास दुपारीच सुटला, असं अण्णा आईला सांगायचे. आई म्हणायची, तुमचा चंद्र राहू दे, आधी आमचा कुठे अडलाय ते बघा. टक्कर व्हायच्या आत खरा चंद्र दिसायचा आणि सगळे मोदकांकडे वळायचे.

अण्णा गेल्यानंतरच्या पहिल्या संकष्टीला आईनं उपास धरला, पण गच्चीवर येणार नाही म्हणाली. मी एकटी वर गेले. आभाळ भरलेलं. खाली जाऊन दिसला म्हणून सांगावं, असं मनात आलं. तिच्या मधुमेहाच्या गोळ्या जेवणावाचून अडल्या होत्या, आणि हल्ली उपास नसतानाही ती अर्धीच पोळी खायची. पण खोटी वर्दी अण्णांनी कधी दिली नव्हती. मी थांबले.

बऱ्याच वेळानं लिफ्टचं दार वाजलं. आई आली आणि गच्चीवरच्या अण्णांच्या खुर्चीत बसली.

"त्यांचा तो चंद्र शेवटी आदळतो का गं?"

पुढचं मी अण्णांच्या पुस्तकांत वाचलं होतं. म्हटलं, नाही. फार जवळ आला की पृथ्वी त्याची अलीकडची बाजू पलीकडच्या बाजूपेक्षा फारच जोरात ओढते. त्याला स्वतःला धरून ठेवता येत नाही, आणि टेकण्याआधीच त्याचा चुरा होतो. थोडा खाली पडतो, बाकीचा पृथ्वीभोवती कडं होऊन फिरत राहतो.

"म्हणजे दिसतो?"

"रोज. आभाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत."

आई ढगांकडे बघत राहिली. "मग उपास कधी सोडायचा, ते नाही सांगितलं त्यांनी."

"तू त्यांना तिथवर पोचू कुठे दिलंस?"

ती हसली. टॉवरांच्या बाजूला, जिथे चंद्र असायला हवा होता तिकडे तिनं हात जोडले.

"सरी," ती बरं म्हणावं तशी कानडीत पुटपुटली. "आहे तिथेच कुठेतरी. चल, वाढ. मला दोन मोदक."