आधी आईचं वजन

बाळाला वजनकाट्यावर ठेवायला गेलं की सिस्टर बाळाकडे बघायच्याच नाहीत. आईच्या चपलांकडे बोट करून म्हणायच्या, "आधी आई."

ही दोन हजार सालानंतरची, निजामपुऱ्यातल्या आमच्या दवाखान्यातली गोष्ट. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. थोरला तीन वर्षांचा, पण चड्डी सहा वर्षांच्या मुलाची लागायची. गणपतीत त्याला सुदृढ बालकाचं बक्षीस मिळालेलं. बक्षिसाचा स्टीलचा डबा सासूबाई मुद्दाम सिस्टरना दाखवायला घेऊन आल्या. सिस्टरनी डब्याचं कौतुक केलं आणि मला विचारलं, "याच्या वेळी शुगर किती होती?"

कुणी तपासलीच नव्हती. या वेळी तपासली, तर वाढलेली. वजन तर माझं आधीपासूनच भारी. थोरला असा माझ्यामुळे झाला, असं वाटून मी तिथेच रडायला लागले.

"तुझी चूक नाही," सिस्टर म्हणाल्या. "आईच्या रक्तातली जादा साखर पोटातल्या बाळालाही पोचते. मग लहानपणीच अंग सुटायची शक्यता वाढते. आता कळलंय ना, तर चालायला लाग."

सासूबाई दिघाशी गावच्या. त्यांचे तुपातले लाडू तयारच होते. "दोन जिवांच्या बाईला उपाशी ठेवायची न्हाय," त्या म्हणाल्या. सिस्टर घरी आल्या, भात थोडा आणि भाजी-मासळी भरपूर असं ताट वाढून दाखवलं, आणि जाताना सासूबाईंनाही चालायला घेऊन गेल्या.

संध्याकाळची ती वरात तुम्ही बघायला हवी होतीत. पुढे सिस्टर, मध्ये मी, मागे थोरल्याला ओढत सासूबाई. गल्लीतल्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागे. एकदा सिस्टरनी विचारलं, जेवणानंतरची किती आली? मी जीव खाऊन ओरडले, "एकशे ऐंशी!" नेमकी तेव्हाच लाईट गेली आणि सगळे लूम थांबले. माझी साखर अख्ख्या गल्लीने ऐकली. सिस्टर हसून हसून एका ओट्यावर बसल्याच. दुसऱ्या दिवसापासून लूमवाले विचारू लागले, "भाभी, आज कितना?" एकशे अठरा आली, तेव्हा सासूबाईंनीच ती दारोदार सांगितली.

मुलगी झाली, बेताच्या वजनाची, आवाजाने खणखणीत. सासूबाईंना जरा सुकीच वाटली. सिस्टर म्हणाल्या, आता थोरल्याचं बघू. आमचं चालणं सुरूच राहिलं.

दोन वर्षांनी सिस्टर निवृत्त होऊन गावी निघाल्या. आम्ही एसटी स्टँडवर गेलो. गाडी हलली तसा थोरला माझा हात सोडून तिच्याबरोबर धावत सुटला. दहा पावलांत 'कडेवर घे' म्हणणारं माझं पोर पार फाटकापर्यंत धावलं. सिस्टर खिडकीतून ओरडत होत्या, "अरे थांब, पडशील." बाहेर काढलेला हात मात्र 'चल, चल' म्हणून हलत होता.