चार चाकांतली हवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला तर नाहीच.

गोष्ट साध्या टायरची आहे. हसू नका. नव्या गाडीचे कंपनीचे टायर माणसाला किती लाडावून ठेवतात! मऊ, हलके, आवाज म्हणून नाही. माझे गुळगुळीत झाले, तेव्हा परभणीत जिंतूर रोडवरच्या करीमचाचांकडे गेलो. आमच्या शाळेतले सगळे शिक्षक त्यांच्याकडेच जायचे. काय माणूस! रबरावरून नुसता तळवा फिरवून, तुम्ही गाडी कशी चालवता ते सांगायचे. चारही नवे टायर बसवले आणि म्हणाले, "सर, कंपनीच्या टायरासारखे हे मऊ न्हाईत. जाड हायेत. आवाज करतील, पर लय चालतील. हवा तेवढी कमी करू नका."

आणि मी काय केलं? आठ दिवस ती घरघर, ते दणके सोसले. मग पहिल्यासारखं मऊ वाटावं म्हणून — घरासमोर, स्वतःच्या हाताने — चारही चाकांतली हवा सोडली. शिकलेला माणूस ना मी!

सासुरवाडीला, जिंतूरला निघालो होतो. बोरीच्या अलीकडे पुढचं चाक फुटलं, गाडी शेतात गेली. बायकोचं मनगट मोडलं. ती कण्हत होती, आणि मी म्हणालो — चाचांनी टायरच खराब दिले. इतकं पटकन कसं सुचलं मला?

दुसऱ्या दिवशी गाडीला स्टेपनी लावून, फुटका टायर घेऊन चाचांच्या दुकानात गेलो. दोन-तीन शिक्षक तिथेच होते. त्यांच्यासमोर तावातावाने बोललो. चाचांनी टायरच्या आतून तळवा फिरवला. हाताला काळा भुगा लागला. कमी हवेवर चाललेल्या टायरातच तो निघतो. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाईंचा हात कसाय?" एवढंच विचारलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक आमची हाय, सर." नवा टायर बसवला आणि बाकीच्या तिन्ही चाकांत हवा भरून दिली.

एका वाक्यात ते मला उघडं पाडू शकले असते. इतका मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि मी? गप्प राहिलो. शाळेतल्या गाड्या हळूहळू दुसऱ्या दुकानाकडे वळल्या. हवा भरायला मीही तिकडेच जातो.

चाचांचे टायर अजून गाडीला आहेत. ते म्हणाले होते तसेच, लय चाललेत. त्यांच्या दुकानावरून जाताना बायको रागाने तोंड फिरवते. मी समोर बघत गाडी चालवतो.