पिवळ्या डागाची हद्द

माझ्या मेंदूचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते एका तरुण बंगाली डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर. पार्किन्सनसाठी ऑपरेशन करून डोक्यात एक बारीक तार बसवली होती. तिच्यातून वीज सोडली की उजव्या हाताची थरथर थांबायची. किती सोडली तर ती कुठवर पसरेल, याचं गणित कॉम्प्युटर आधीच मांडून दाखवायचा. तारेभोवती विजेचा पिवळा डाग, शेजारून जाणारा करडा पट्टा.

“माशीमा, या पट्ट्यातून तोंडाकडे हुकूम जातात,” तो हिंदीत म्हणाला; माशीमा म्हणजे मावशी, एवढंच बंगाली. “डाग इथे टेकला की बोलणं जड होणार. म्हणून वरची मर्यादा इथेच.”

नवरा गेल्यावर कोलकात्यातल्या डमडमच्या घरात एका मशीनवर ब्लाउज शिवायला लागले, आणि त्यातूनच एस्प्लनेडच्या बाजारात दुकान केलं. कटिंग कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. ठोक बाजारात पहिला सांगितलेला भाव मी आयुष्यात मान्य केलेला नाही. मला वाटलं, हाही पहिलाच भाव.

“हात थांबतो, पण कापडावर खडूची रेघ अजून हलते,” मी म्हटलं.

“थोडी हलली तर काय बिघडलं?”

“तुमच्या हातात सुरी असताना थोडं हललेलं चालेल?”

तो हसला. “माशीमा, इथे घासाघीस नाही होत.”

“चित्र तुमचं, मेंदू माझा. तुमचं चित्र कधीच चुकत नाही का?”

“थोडंफार चुकू शकतं,” तो म्हणाला, आणि तिथेच मी त्याला धरला.

वीज कमी-जास्त करायच्या माझ्याजवळच्या रिमोटवर त्याने मर्यादा जराशी वाढवून दिली. बोलणं जड झालं की ताबडतोब कमी करायचं, अशी अट घातली. मी मान डोलावली आणि जिंकल्यासारखी घरी आले.

वीज वाढवली आणि खडूची रेघ सरळ आली. जीभ मात्र जड झाली, शब्द एकमेकांवर चढायला लागले. गिऱ्हाइकांशी खाणाखुणांवर भागायचं. अडलं ते नातीशी. मुलगा दिवसभर ऑफिसात, सून बंगाली. पोरीच्या कानावर मराठी पडायचं ते माझंच. शाळेतून ती दुकानात यायची आणि कटिंगच्या टेबलाखाली बसून चिंध्यांनी बाहुली सजवत बडबडायची.

“आजी, परत सांग ना.”

मी परत सांगायचे.

“तू तोंडात काहीतरी ठेवून बोलतेस!”

मी भडकायचे. त्यातले शब्द तिला कळायचे नाहीत, राग तेवढा कळायचा. हळूहळू ती दुकानात शिवणाऱ्या, हिंदी बोलणाऱ्या बायकांकडे जाऊन बसायला लागली. “आंटी, देखो ना!” रिमोट माझ्या पर्समध्येच होता. पण समोर दुर्गापूजेच्या ऑर्डरींचा ढीग. एवढी पूजा होऊ दे, असं मी उन्हाळ्यापासून म्हणत राहिले.

पूजा झाली आणि मी वीज पहिल्या मर्यादेवर आणली. हळूहळू बोलणं सुटं झालं. डॉक्टरने पुन्हा चित्र दाखवलं. पिवळा डाग पट्ट्यापासून मागे सरला होता. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मी बाजारात वाढलेली बाई, मी मागणारच. पण ज्याला तोटा समोर दिसतोय, त्याने गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी नाही म्हणायला नको का?

आता रेघ पुन्हा हलते. कात्री मी दुकानातल्या एका बाईच्या हाती दिली आणि शेजारी स्टुलावर बसते. काल नात शाळेतून आली.

“काय गं, आज शाळेत काय झालं?” एकेक शब्द स्वच्छ उमटला.

“कुछ नहीं, आजी.”

“मराठीत सांग की.”

तिने बाहुलीवरून मान वर केली नाही. “तुम बोलो ना, मैं समझती हूँ।”