पाणी सोडण्याचं जर्मन

बाबा गेले तेव्हा मी जर्मनीत, गार्चिंगला होते. मिळेल ते विमान पकडून पुण्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेरावं झालं आणि मी परत आले. रडू तेव्हाही आलं नाही, नंतरही नाही. नातेवाईक म्हणाले, पोरगी खंबीर आहे हो. खंबीर कसली, दगड झाला होता माझा. माझं एक वेळ चाललं असतं, पण तिकडे आई एकटी, आणि तीही तशीच. रोज फोन करावा तर "हो", "जेवले", "बरं आहे". पुढे शब्द नाही. ही बाई अशीच आतल्या आत संपून जाईल, एवढी एकच भीती मला तेव्हा कळत होती.

माझ्या पीएचडीचा विषय म्हणजे अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या पाणीपुरवठा योजना बांधणारा एक इंजिनिअर. मुळात वास्तुविशारद. इंग्लंडहून तिकडे गेला, एका शहराला नदीचं पाणी देण्यासाठी वाफेचे पंप बसवले आणि ते धुरकट धूड खांब-घुमटाच्या देखण्या इमारतीत दडवलं. पुढे दक्षिणेतल्या दुसऱ्या शहराची योजना करताना पिवळ्या तापाने गेला. काम अर्धंच राहिलं. माझं लग्न लांबलेलं, त्यामुळे बाबा त्याला "जावईबापू" म्हणत. दर रविवारी चौकशी व्हायची, "काय म्हणतायत आमचे जावईबापू? आलं का पाणी नळाला?"

परतल्यावर थोड्याच दिवसांनी कोलोक्वियममध्ये, म्हणजे विभागाच्या चर्चासत्रात, माझं भाषण होतं. पुढे ढकल, असं प्राध्यापकांनी सुचवलं होतं. मी कशाला ढकलू? घरी बसून तरी काय करणार होते! उभी राहिले आणि वाचल्यासारखी बोलत सुटले. पंप सुरू झाले तो प्रसंग आला. आपल्याकडे महापालिका पाणी सोडते, तसंच ते डोक्यात आलं आणि तसंच्या तसं जर्मनमध्ये बाहेर पडलं: त्या दिवशी साऱ्या शहरासमोर त्याने "वासर गेलासन".

जर्मनमध्ये याचा अर्थ एकच होतो. त्याने लघवी केली.

आधी कुणीतरी खोकलं, मग अख्खी खोली हसली. प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "तर मग, एवढ्याने शहराची तहान भागली नसणार." मला लाजही वाटली नाही. वाक्य सुधारलं आणि पुढची स्लाइड लावली.

दुपारी ऊ-बानच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या फलाटावरून आईला फोन केला. "जेवले", "हो" झालं. बोलायला दुसरं काही नव्हतं, म्हणून हे सांगितलं. तिला कळेना. मी अर्थ सांगितला. आणि पलीकडे आई फिस्सकन हसली.

"म्हणजे सगळ्यांसमोर? अगं बाई!" तिला दम लागला हसताना. फोन बाजूला धरून ती आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, तिच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात, "अहो, ऐकलंत का, तुमच्या जावयाने..."

वाक्य तिथेच राहिलं.

गाडी आली. मी चढले नाही. गाडी गेली, आणि मग फोनमध्ये आईचं रडणं ऐकू आलं. बाबा गेल्यानंतरचं पहिलं.

"रड, आई," मी म्हणाले. मला अजून जमत नव्हतं.