लाहोरची मॅच आणि लंगडणारा लूम

"एक मॅच मैदानात बसून बघायची हाय," असं बाबा कित्येक वर्षं म्हणत होते. भिवंडीत चाळीस वर्षं त्यांनी कापड विणायचे लूम दुरुस्त केले आणि त्या खटखटाटात ट्रान्झिस्टर कानाला लावून स्कोअर ऐकला. २००४ च्या मार्चमध्ये आपला संघ पाकिस्तानात गेला, मॅचसाठी व्हिसा मिळू लागले आणि मी लाहोरच्या शेवटच्या वनडेची दोन तिकिटं मिळवली. आईने विचारलं, "ऱ्हाल कुठं?" "हॉटेलात," मी थाटात म्हणाले.

अमृतसरहून वाघ्यापर्यंत टॅक्सी, मग सीमा पायी. तिकीट, पासपोर्ट आणि फोटो हाताशी ठेवा, नाहीतर माझ्यासारखी भर रस्त्यात बॅग उपसावी लागेल. आम्ही मॅचला आलोय कळल्यावर पलीकडच्या टॅक्सीवाल्याने भाडंच घेतलं नाही. तुम्ही मात्र आधी ठरवून घ्या, सगळेच एवढे दिलदार नसतात.

हॉटेलात माझा थाट उतरला. फोनवर मालक "आ जाओ जी, हो जाएगा" म्हणाला होता. मी पडले भिवंडीची. आमच्याकडे तोंडी शब्दावर गाठीच्या गाठी कापड जातं, म्हणून त्यालाच मी बुकिंग समजले. पुढच्या सात हॉटेलांतही खोली नव्हती. दुपार कलली, बाबांचे पाय सुजले. मॅच दुसऱ्या दिवशी होती आणि व्हिसा एकाच फेरीचा, एकदा अमृतसरला परतलो की पुन्हा आत येणं नव्हतं. सगळंच मुसळ केरात, तेही माझ्यामुळे. मला रडू यायला लागलं.

एका गल्लीत खटखटाट ऐकून बाबा थबकले. "लूम हायत इथं. एक लंगडतोय." मी अडवेपर्यंत ते आत शिरले होते. कारखान्याचे मालक अन्वरसाहेब चक्रावून बघत राहिले.

"शटल देर से जा रहा है, भाई. पाना दो," बाबा म्हणाले.

अर्ध्या तासात लूमची चाल सरळ झाली.

"चाचा, कहाँ से आए हैं?"

"भिवंडी."

"फिर तो बिरादरी के हुए. होटल क्यों ढूँढते हैं? ऊपर कमरा है."

मी पैसे काढले, तर अन्वरसाहेब बाबांना म्हणाले, "आप बाकी लूम देख लीजिए, बस." खोली कारखान्याच्या डोक्यावरच होती. मी कानात कापूस घालून तळमळत पडले, बाबा मात्र घरच्यासारखे घोरले.

दुसऱ्या दिवशी आपण मॅच जिंकलो, मालिकाही जिंकलो. बाबा इतके ओरडले की दोन दिवस आवाज बसला. शेजारच्या लाहोरी गृहस्थांनी त्यांना मिठी मारली. परतलो तेव्हा अन्वरसाहेब पडलेल्या चेहऱ्याने, पण हातात मिठाई घेऊन दारात उभे होते.

तर परदेशात मॅचला जाताना हॉटेलची पावती घेतल्याशिवाय घर सोडू नका. आणि आपल्या धंद्याची माणसं त्या गावात कुठे असतात, तेही विचारून ठेवा.

अजूनही अधूनमधून लाहोरहून फोन येतो. सलाम झाला की अन्वरसाहेब रिसीव्हर लूमजवळ धरतात. बाबा डोळे मिटून ऐकतात आणि सांगतात, "पट्टा ढीला है. कस दो."