चाखून पाहिलेला साग

धुळ्यात आमच्या शेजारी एक निवृत्त कारकून राहतात. त्यांच्या फाटकाशी साग आहे. दर पावसाळ्यात अळ्या त्याच्या पानांची जाळी करतात आणि त्यांच्या लेंड्या भिंतीपलीकडे माझ्या स्कूटरच्या सीटवर पडतात. फांद्या छाटा म्हणून सांगायला गेलो, की ते शांतपणे एक कोवळं पान तोडून माझ्यापुढे धरतात.

"भाऊ, चाखी देखा. किडा एक पान खास ना, तं झाड दुसरं पान कडू करस. कोन खास, कोन नही, त्याले बठ्ठं समजस. जरा धीर धरा."

मी हात जोडतो. मग ते स्वतःच पान चावतात, डोळे मिटतात आणि चहाची चव सांगावी तसं म्हणतात, "कालपेक्षा कडू शे." सागाच्या कोवळ्या पानानं तोंड लाल होतं. त्यामुळे या निर्व्यसनी माणसानं म्हातारपणी तंबाखूचं पान धरलं, अशी गल्लीभर बोलवा झाली.

यंदा मी वैतागून थेट करवतवाल्यालाच घेऊन गेलो. पाहतो तर साग नव्या पानांनी भरलेला, अळी औषधालाही नाही.

"आळ्यास्पेक्षा यास्नीच जास्त पानं खादात," काकू दारातून म्हणाल्या.

काकांनी ऐटीत एक नवं पान तोडून चावलं आणि आमच्यादेखत पहिल्यांदाच थुंकले. तोंड वाकडं झालेलं, डोळ्यांत पाणी. पण चेहरा हातात सत्काराचा नारळ पडल्यासारखा फुललेला.

"भाऊ, त्यानी माले वळखं!"